पर्ल मॉड्यूलची रीडमी आणि चेंजेस फाइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक परिसरात पर्लवर काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रिपोर्ट काढणारे, बाजार समित्यांची भावपत्रकं वाचणारे प्रोग्राम लिहिणारे, आणि पहिलंच मॉड्यूल सीपॅनवर (पर्ल मॉड्यूलांच्या जाहीर साठ्यावर) चढवू पाहणारे विद्यार्थी, अशा सगळ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणासाठी 'कांदा::भाव' नावाचं एक काल्पनिक मॉड्यूल धरलं आहे. लासलगाव किंवा पिंपळगावच्या भावपत्रकासारखी फाइल ते वाचतं आणि आवक, किमान, कमाल आणि सरासरी दर काढून देतं.

एक सूचना आधीच. वाचायला सोपं जावं म्हणून आज्ञा, फाइलींची नावं आणि नमुने इथे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे.

पॉडमध्ये (कोडसोबतच लिहिलेल्या माहितीत) सगळं लिहिलेलं असताना रीडमी वेगळी कशाला?

दोन्हींचा वाचक वेगळा असतो. पॉड वाचणाऱ्याने मॉड्यूल घ्यायचं ठरवलेलं असतं, त्याला कोणतं फंक्शन काय देतं ते हवं असतं. रीडमी उघडणाऱ्याचं अजून काहीच ठरलेलं नसतं. हे काय आहे, आपल्या कामाचं आहे का, आपल्या मशीनवर चढेल का, एवढंच तो बघायला आलेला असतो. टारबॉल (मॉड्यूलच्या सगळ्या फाइली बांधलेली एक फाइल) सोडल्यावर काहीही इन्स्टॉल न करता वाचता येणारी पहिली फाइल तीच. दिंडोरीच्या एखाद्या पॅकहाउसमध्ये नेट नसलेल्या मशीनवर पेन ड्राइव्हने मॉड्यूल नेलं, तर मेटासीपॅनचं (सीपॅन दाखवणाऱ्या संकेतस्थळाचं) सुंदर पान तिथे कामाला येत नाही, रीडमी येते.

चेंजेस फाइलचा (कोणत्या व्हर्जनमध्ये काय बदललं याच्या नोंदीचा) वाचक आणखी निराळा. त्याच्याकडे जुनं व्हर्जन चालू आहे आणि त्याला एकच गोष्ट ठरवायची आहे: नवं घेऊ की नको, आणि घेतलं तर माझं काय मोडेल? हे तीन वाचक वेगळे ठेवले की कोणती ओळ कुठे जायची हा प्रश्न फारसा उरत नाही.

रीडमीत नेमकं काय असावं?

सगळ्यात वर मॉड्यूलचं नाव आणि एका वाक्यात त्याचं काम. 'कांद्याच्या भावांसाठी उपयुक्त आणि लवचिक मॉड्यूल' या वाक्यातून काही कळत नाही. 'बाजार समितीचं सीएसव्ही भावपत्रक वाचून प्रत्येक जातीचा किमान, कमाल आणि सरासरी दर (रुपये प्रति क्विंटल) देतं' हे वाचून माणूस थांबायचं की पुढे जायचं ते ठरवतो. मॉड्यूल काय करत नाही तेही लगेच खाली लिहा: 'भाव नेटवरून आणत नाही, फाइल तुम्हीच द्यायची.' या एका ओळीने निम्म्या शंकांच्या मेल येणं बंद होतं.

मग पाच ते दहा ओळींचं चालणारं उदाहरण द्या. त्यातला प्रत्येक चल तिथेच जाहीर केलेला असावा आणि 'यूज स्ट्रिक्ट' लावूनही ते चालावं. रीडमीतलं उदाहरण कॉपी करून वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि एकदा खरंच चालवून बघा. फंक्शनचं नाव बदललं आणि उदाहरणात जुनंच राहिलं, हा दोष फार आढळतो, कारण टेस्ट कोडची होते, रीडमीची होत नाही.

त्यानंतर लागणाऱ्या गोष्टी. किमान पर्ल कोणतं आणि ते का, बाहेरची मॉड्यूलं कोणती, आणि सी कंपायलर लागतो का. शेवटची बाब लोक विसरतात. 'टेक्स्ट::सीएसव्ही_एक्सएस' थेट मागितलं तर कंपायलर लागतो, कारण त्यात सी भाषेतला भाग आहे. नुसतं 'टेक्स्ट::सीएसव्ही' मागितलं तर एक्सएस नसताना ते शुद्ध पर्लमधल्या रूपावर चालतं, फक्त सावकाश. विंडोज मशीन असलेल्या हिशेबनिसाला हा फरक महागात पडू शकतो, म्हणून तो लिहायचा.

पुढे इन्स्टॉल करायच्या पायऱ्या, अडचण आली तर बग कुठे नोंदवायचा ते, आणि परवाना. बस. एका स्क्रीनवर, फार तर दोनवर मावायला हवं. ओळी ७२ ते ७६ अक्षरांवर तोडा, म्हणजे साध्या टर्मिनलवरही नीट दिसतात.

व्हर्जन क्रमांक रीडमीत लिहू नका. एचटूएक्सएसने (मॉड्यूलचा सांगाडा बनवणाऱ्या साधनाने) तयार केलेल्या रीडमीच्या पहिल्याच ओळीत तो असतो आणि पुढे कोणी बदलत नाही. मॉड्यूल १.०७ वर गेलेलं आणि रीडमी अजून ०.०१ वर, असं होतं.

इन्स्टॉल करायच्या पायऱ्या तर सगळ्यांना ठाऊक असतात. त्या लिहायच्या का?

लिहायच्या, पण आपल्या डिस्ट्रिब्यूशनला लागू पडतील अशाच. पहिली आणि सोपी वाट म्हणजे सीपॅनवरून मॉड्यूल आणून चढवणारी 'सीपॅनएम' ही आज्ञा:

    सीपॅनएम कांदा::भाव

हातात फक्त टारबॉल असेल तर तो सोडून त्या फोल्डरमध्ये:

    पर्ल मेकफाइल.पीएल
    मेक
    मेक टेस्ट
    मेक इन्स्टॉल

दुसऱ्याच्या रीडमीतून उचललेल्या पायऱ्या इथे घात करतात. तुमच्याकडे मेकफाइल.पीएल असेल आणि रीडमीत बिल्ड.पीएलच्या पायऱ्या असतील, तर नवखा माणूस पहिल्याच ओळीवर अडकतो. खरोखर बिल्ड.पीएल वापरत असाल, तर लक्षात असू द्या की मॉड्यूल::बिल्ड पर्ल ५.२२ पासून पर्लसोबत येत नाही. ते 'कॉन्फिगर रिक्वायर्स'मध्ये (इन्स्टॉलच्या तयारीलाच लागणाऱ्या मॉड्यूलांच्या यादीत) जाहीर करावं लागतं आणि हाताने इन्स्टॉल करणाऱ्यासाठी रीडमीतही लिहावं लागतं.

विंडोजवर स्ट्रॉबेरी पर्ल असेल तर 'मेक'ऐवजी 'जीमेक', आणि जुन्या स्ट्रॉबेरीत 'डीमेक'. त्यासाठी एक ओळ पुरते.

लिनक्सवर ॲडमिनचा पासवर्ड नसलेल्यांसाठी 'सीपॅनएम --लोकल-लिब' देऊन घरच्या फोल्डरमध्ये कसं टाकायचं ते लिहा. त्याच्यासोबत दुसरी ओळ लागतेच: तो फोल्डर 'पर्ल५लिब' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घातला नाही, तर इन्स्टॉल व्यवस्थित होऊनही प्रोग्राम 'कान्ट लोकेट' म्हणून थांबतो. मॉड्यूल चढलं आहे, पण पर्ल तिथे शोधतच नाही. लोक याला मॉड्यूलचा बग समजून तक्रार करतात.

मॉड्यूल-स्टार्टरने तयार केलेली रीडमी तशीच ठेवली तर चालेल का?

नाही. मॉड्यूल-स्टार्टर हे नव्या मॉड्यूलचा सांगाडा बनवणारं साधन. त्याच्या रीडमीतला मजकूर रीडमी म्हणजे काय हे लेखकाला समजावणारा आहे, वापरणाऱ्यासाठी तो नाहीच. मॉड्यूल-स्टार्टर स्वतःच 'बॉयलरप्लेट.टी' नावाची टेस्ट सोबत देतं आणि तो साचेबंद मजकूर रीडमीत किंवा चेंजेसमध्ये शिल्लक आहे का ते तपासतं. चेंजेसमध्ये तारखेच्या जागी 'डेट/टाइम' हेच शब्द राहिले असतील तरी ती पकडते. टेस्ट ओरडते म्हणून टेस्टच काढून टाकणारेही आहेत. तसं करू नका, आधी मजकूर बदला आणि मग ती टेस्ट खुशाल काढा.

पॉडमधून रीडमी आपोआप बनवली तर?

सोय आहे. 'पॉडटूटेक्स्ट'ने साधा मजकूर मिळतो, 'पॉड::मार्कडाउन'ने गिटहबवर शोभेल अशी रीडमी.एमडी मिळते. डिस्ट::झिला आणि मिनिला ही रिलीज बांधणारी साधनं. डिस्ट::झिलाला त्यासाठी प्लगइन आहेत, आणि मिनिला तर रीडमी.एमडी पॉडमधूनच तयार करतं. दोन प्रती हाताने सांभाळताना होणारी तफावत यात होत नाही, हा मोठाच फायदा.

तोटा असा की वाचक वेगळा आहे हे यंत्राला कळत नाही. पॉड चाळीस फंक्शनांचं असेल तर रीडमीही तेवढीच लांब होते आणि इन्स्टॉलच्या पायऱ्या तळाला जातात किंवा नसतातच. आमचं मत असं: मॉड्यूल लहान असेल, पॉड दोन-तीन स्क्रीनचा असेल, तर खुशाल आपोआप बनवा. मोठं असेल तर अर्ध्या पानाची रीडमी हाताने लिहा आणि तपशिलासाठी 'पर्लडॉक कांदा::भाव' चालवायला सांगा.

आपोआप बनवायची असेल तर पॉडमधल्या 'नेम' विभागाकडे नीट बघा. तिथली ओळ 'कांदा::भाव - भावपत्रकातून दर काढणे' अशी हवी: मॉड्यूलचं नाव, जागा, साधी छोटी आडवी रेघ, जागा, मग वर्णन. वर्डमध्ये मसुदा लिहिला की तो छोट्या रेघेची लांब रेघ करून टाकतो. मेकमेकरच्या (मेकफाइल.पीएल ज्यावर चालतं त्या मॉड्यूलच्या) 'ॲबस्ट्रॅक्ट फ्रॉम'ला ती लांब रेघ ओळखता येत नाही, वर्णन मिळत नाही, आणि डोळ्यांना तर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात.

रीडमी मराठीत लिहिता येईल का?

येईल, आणि वापरणारी माणसं निफाड-सिन्नरकडची असतील तर लिहावीच. पण सीपॅनवर जगभरचे लोक येतात, मुख्य रीडमी आणि पॉड इंग्रजीत ठेवा. मराठी रीडमी वेगळ्या फाइलीत ठेवा, नावाला 'एमआर' हा मराठीचा कोड जोडा, आणि मुख्य रीडमीत तिचा उल्लेख करा. फाइलचं नाव मात्र देवनागरीत नको. टारबॉल वेगवेगळ्या मशीनवर सोडताना अशी नावं बिघडतात, आणि मग मॅनिफेस्टमधल्या (टारबॉलमधल्या फाइलींच्या यादीतल्या) नावाशी जुळत नाहीत.

पॉडमध्येच मराठी मजकूर असेल (भावपत्रकाचा नमुना दाखवायला तो लागतोच), तर पॉडच्या सुरुवातीला '=एन्कोडिंग यूटीएफ-८' ही ओळ हवी, वर आणि खाली रिकामी ओळ सोडून. ती नसेल तर मेटासीपॅनवर पानाच्या तळाशी 'पॉड एरर्स' असा विभाग उगवतो. अपलोड करण्याआधी 'पॉडचेकर' चालवला की हे घरीच कळतं. शिवाय जुन्या 'पॉडटूमॅन'ला यूटीएफ-८ चा पर्याय दिला नाही तर मॅन पानावर मराठी अक्षरांच्या जागी ओळीने 'एक्स' उमटतात. अलीकडच्या पर्लमध्ये हे सुधारलं आहे, पण कारखान्यातल्या जुन्या सर्व्हरवर अजून दिसतं.

आणि मराठी रीडमी ठेवायची तर ती दर रिलीजला वाचून दुरुस्त करायची तयारी हवी. तीन वर्षांपूर्वीच्या पायऱ्या सांगणाऱ्या मराठी फाइलपेक्षा ती नसलेली बरी.

चेंजेस फाइलचा ठरलेला साचा आहे का?

आहे. 'सीपॅन::चेंजेस::स्पेक' या नावाने तो सीपॅनवरच मिळतो. सक्ती कोणाची नाही, पण मेटासीपॅन आणि इतर साधनं तो वाचू शकतात, म्हणून पाळलेला बरा. नमुना:

    कांदा-भाव मधील बदल

    ०.०४  २०२४-०६-०५
      [मोडणारे बदल]
      - सरासरी() आता प्रति क्विंटल दर देतं, आधी प्रति किलो
        देत होतं. जुनं उत्तर हवं असेल तर १०० ने भागा.

      [दुरुस्ती]
      - देवनागरी आकड्यांतला दर ० धरला जात होता, त्यामुळे
        सरासरी कमी येत होती. ०.०२ पासून हा दोष होता.

    ०.०३  २०२४-०५-१४
      - किमान पर्ल आता ५.१४.
      - 'लिलाव बंद' असलेली ओळ आता वगळली जाते.

नवं व्हर्जन वर, जुनं खाली. व्हर्जनची ओळ डाव्या कडेला चिकटून: आधी क्रमांक, मग तारीख. नोंदी थोड्या आत सरकवलेल्या. गट चौकटी कंसात, आणि गट ऐच्छिक. दोनच नोंदी असतील तर गट पाडू नका, उगाच सरकारी फॉर्मसारखं दिसतं. फाइलचं नाव 'चेंजेस', शेवटी काही न जोडता.

सीपॅनवर जाणारी चेंजेस इंग्रजीत लिहावी हे वेगळं सांगायला नकोच. वरचा नमुना समजण्यापुरता मराठीत आहे.

तारीख ०५-०६-२०२४ अशी लिहिली तर काय बिघडतं?

आपल्याला ती ५ जून वाटते, अमेरिकेतल्या वाचकाला ६ मे. दोन्ही तारखा खऱ्या असू शकतात, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. वर्ष-महिना-दिवस असं लिहिलं की वाद मिटतो. वेळ द्यायचीच असेल तर मागे +०५:३० जोडा. एकाच दिवशी दोन रिलीज झाल्या तरच वेळेचा उपयोग, एरवी तारीख पुरे.

आकडे इंग्रजीच हवेत. इथे पर्लची एक गंमत माहीत असलेली बरी. डीकोड केलेल्या मजकुरावर 'बॅकस्लॅश-डी' हे चिन्ह देवनागरी आकड्यांशीही जुळतं, पण तोच आकडा बेरजेत घातला की पर्ल त्याला ० धरतं आणि 'इजन्ट न्यूमरिक' असा इशारा देतं. म्हणजे तपासणीत पास आणि हिशेबात शून्य. वरच्या ०.०४ च्या नमुन्यातला दोष हाच.

गिट लॉगच चेंजेस म्हणून टाकला तर? सगळं त्यात असतंच की.

सगळं असतं हीच अडचण आहे. 'टायपो', 'पुन्हा टायपो', 'आता तरी चालेल', 'मर्ज' या नोंदींमधून ग्राहकाने त्याचा एक बदल शोधायचा का? कमिट संदेश कोडसोबत काम करणाऱ्यासाठी असतो आणि 'कोडमध्ये काय हललं' ते सांगतो. चेंजेस वापरणाऱ्यासाठी असते आणि 'वागणुकीत काय बदललं' ते सांगते. पंधरा कमिटची मिळून एक नोंद होऊ शकते, आणि एका कमिटमधून तीन नोंदी निघू शकतात.

लॉगचा उपयोग आठवण म्हणून करा. मागच्या टॅगपासून आजपर्यंतचा लॉग एका खिडकीत उघडा, दुसऱ्या खिडकीत चेंजेस. प्रत्येक कमिटला एकच प्रश्न विचारा: हे वापरणाऱ्याला जाणवेल का? नाही म्हटलं की पुढे चला. त्याहून बरी सवय म्हणजे बदल करतानाच, त्याच कमिटमध्ये चेंजेसची ओळ लिहिणं. रिलीजच्या रात्री आठवून लिहिलेल्या नोंदी पातळ होतात.

चांगली नोंद कशी ओळखायची?

काही जोड्या बघू.

'बग दुरुस्त केले.' कोणते? कोणाला लागू? याऐवजी: 'आवकेच्या आकड्यात स्वल्पविराम असेल (१२,५००) तर आवक रिकामी येत होती, ती आता बरोबर येते.' आपल्या फाइलमध्ये स्वल्पविराम असतो की नाही हे वापरणाऱ्याला माहीत असतं, त्याचा निर्णय दहा सेकंदांत होतो.

'पार्सर नव्याने लिहिला.' हे तुमच्या श्रमाचं वर्णन झालं. वापरणाऱ्याला हवं ते असं: 'पार्सर नव्याने लिहिला. निकाल तेच, मात्र शीर्षकाची ओळ नसलेली फाइल आता नाकारली जाते; आधी पहिली ओळ गुपचूप गळत होती.'

'युनिकोड::यूसीडी वापरलं.' का? 'देवनागरी आकडे ओळखण्यासाठी युनिकोड::यूसीडी मधलं नम() वापरलं. ते पर्ल ५.१४ पासून आहे, म्हणून किमान पर्ल आता ५.१४.' कारण आणि परिणाम एकाच ओळीत आले. (नम() ला स्वल्पविरामासकट आकडा दिला तर ते काहीच परत देत नाही, आधी स्वल्पविराम काढावा लागतो. ही माहिती मात्र चेंजेसची नाही, ती कोडमधल्या टिपणीत ठेवा.)

'टेस्ट दुरुस्त.' ही नोंद लहान असली तरी कामाची होऊ शकते, फक्त पूर्ण लिहा: 'एक टेस्ट हॅशच्या क्रमावर विसंबून होती आणि पर्ल ५.१८ पासून अधूनमधून फेल होत होती. फक्त टेस्ट बदलली, मॉड्यूलचा कोड तोच.' शेवटच्या तीन शब्दांनी ज्याचं काम नीट चालू आहे तो निर्धास्त होतो आणि अपडेट पुढे ढकलतो. तसंच पर्ल ५.२६ ने मॉड्यूल शोधायच्या यादीतून चालू फोल्डर काढून टाकला, त्यामुळे बऱ्याच जुन्या डिस्ट्रिब्यूशनांचं इन्स्टॉलच थांबलं. त्यासाठी रिलीज काढली असेल तर 'पर्ल ५.२६ आणि पुढे इन्स्टॉल होत नव्हतं, आता होतं' एवढं स्पष्ट लिहा.

दोष किती जुना होता तेही लिहायची सवय ठेवा. '०.०२ पासून' एवढे शब्द असले की जुने रिपोर्ट परत काढायचे की नाही हे हिशेबनीस स्वतः ठरवतो. सरासरी दर चुकीचा गेला असेल तर त्याच्यासाठी पुढच्या दुरुस्तीपेक्षा मागचे महिने महत्त्वाचे असतात.

बग नोंदवणाऱ्याचं किंवा पॅच देणाऱ्याचं श्रेय नोंदीच्या शेवटी द्या आणि इश्यू क्रमांकही. पण नुसता क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. बग ट्रॅकर उद्या दुसरीकडे हलला की '#४२ दुरुस्त' या ओळीला अर्थ उरत नाही.

मोडणारा बदल करायचाच असेल तर?

वर, पहिला, आणि उपायासकट. काय बदललं, जुना कोड चालवल्यावर आता काय होईल, आणि काय बदलायचं, या तीन गोष्टी हव्यात. सगळ्यात धोक्याचा बदल म्हणजे एरर न देता उत्तर बदलणारा. किलोचा दर क्विंटलचा झाला तर प्रोग्राम थांबत नाही, फक्त शंभरपट आकडा छापतो.

शक्य असेल तर एकदम बदलू नका. आधीच्या रिलीजमध्ये जुनं फंक्शन वापरल्यावर इशारा द्यायला लागा आणि चेंजेसमध्ये ते केव्हा जाणार ते लिहा. काढाल तेव्हा परत लिहा. दोन नोंदी झाल्या तरी चालेल, कारण अनेक लोक मधलं व्हर्जन गाळून थेट शेवटच्यावर येतात.

किमान पर्ल वाढवणं, नवं बाहेरचं मॉड्यूल लागणं, कंपायलरची गरज उत्पन्न होणं, हेही मोडणारेच बदल समजा. कोड तोच राहिला तरी कोणाच्या तरी मशीनवर इन्स्टॉल थांबणार आहे. मेकफाइल.पीएलमध्ये किमान पर्लची नोंद करायला विसरू नका. ती असेल तर जुन्या पर्लवाल्याला सुरुवातीलाच स्पष्ट निरोप मिळतो, नसेल तर टेस्टमध्ये कुठेतरी गूढ एरर.

०.९ नंतर ०.१० दिलं आणि पॉझने (सीपॅनसाठी अपलोड घेणाऱ्या सर्व्हरने) इंडेक्स केलं नाही. का?

दशांश पद्धतीत ०.१० म्हणजे ०.१, आणि ते ०.९ पेक्षा लहान. पॉझच्या दृष्टीने तुम्ही मागे गेलात, म्हणून इंडेक्समध्ये जुनंच राहिलं. आता ०.९१ किंवा १.०० द्या, आणि चेंजेसमध्ये 'क्रमांकाची चूक, कोड ०.१० चाच' अशी ओळ टाका.

पुढे हे टाळायचं तर पहिल्यापासून दोन दशांश स्थळं ठेवा: ०.०१, ०.०२, ०.१०. क्रमांक अवतरण चिन्हांत, मजकूर म्हणून लिहा. नुसता आकडा लिहिला तर ०.१० चं ०.१ होतं आणि टारबॉलचं नाव चेंजेसशी जुळत नाही. तीन भागांची पद्धत (व्ही१.९.०, मग व्ही१.१०.०) हवी असेल तर सुरुवातीपासून तीच. मध्येच बदलताना जपा: दशांश १.९ हे तीन भागांत व्ही१.९००.० होतं, त्यामुळे त्यानंतर दिलेलं व्ही१.१०.० लहान ठरतं.

चाचणीपुरती रिलीज चेंजेसमध्ये लिहायची का?

हो. क्रमांकात अधोरेघ असलेली (१.०२_०१) किंवा टारबॉलच्या नावात 'ट्रायल' असलेली रिलीज पॉझ इंडेक्स करत नाही, पण सीपॅन टेस्टर्स (अपलोड झालेली मॉड्यूलं आपापल्या मशीनवर तपासणारे स्वयंसेवक) ती तपासतात आणि काही लोक ती मुद्दाम घेतात. पक्की रिलीज काढताना मात्र ट्रायलमधले महत्त्वाचे बदल तिच्याखाली पुन्हा एकत्र लिहा. १.०१ वरून १.०२ वर येणाऱ्याने मधल्या चार ट्रायल वाचाव्यात ही अपेक्षा चुकीची आहे.

सुरक्षेचा दोष दुरुस्त केला. गाजावाजा न करता टाकला तर?

हल्ला करणारा दोन टारबॉलमधला फरक बघूनच दोष शोधतो, त्याच्यापासून काही लपत नाही. न कळलेला राहतो तो साधा वापरणारा. कोणत्या व्हर्जनपासून कोणत्यापर्यंत दोष होता, काय होऊ शकत होतं, आणि सीव्हीई क्रमांक (सुरक्षादोषाचा जाहीर नोंदणी क्रमांक) मिळाला असेल तर तो, असं त्या रिलीजच्या पहिल्या नोंदीत लिहा. दोष कुठे कळवायचा तो पत्ता रीडमीत असावा, आणि तो उघड्या बग ट्रॅकरचा नसावा.

अपलोड केल्यावर रीडमीत चूक दिसली. त्याच नावाने परत टाकता येतं का?

येत नाही. एकदा वापरलेलं फाइलचं नाव पॉझ पुन्हा घेत नाही, आधीची फाइल काढून टाकली तरीही. क्रमांक वाढवून नवी रिलीज काढावी लागते. चूक शुद्धलेखनाची असेल तर रिपॉझिटरीत दुरुस्त करा आणि पुढच्या रिलीजची वाट बघा. इन्स्टॉलची पायरीच चुकली असेल तर लगेच काढा, आणि चेंजेसमध्ये 'फक्त कागदपत्रांत बदल' असं लिहा. जुन्या व्हर्जनखालची चुकलेली नोंद पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त करायला हरकत नाही. चेंजेस हा इतिहास आहे, शिलालेख नव्हे.

माझ्या फोल्डरमध्ये रीडमी आहे, टारबॉलमध्ये नाही. कुठे गेली?

मॅनिफेस्टमध्ये तिचं नाव नाही. 'मेक डिस्ट' फक्त त्या यादीतल्या फाइली बांधतं. 'मेक डिस्टचेक' चालवलं की यादीत नसलेल्या आणि यादीत असून गायब असलेल्या दोन्ही फाइली दिसतात. 'मेक मॅनिफेस्ट'ने यादी नव्याने बनते, पण मॅनिफेस्ट.स्किप नीट नसेल तर तुमचे भावपत्रकाचे खरे नमुने, एडिटरच्या बॅकअप फाइली, क्वचित पासवर्ड असलेली फाइलही आत जाते. म्हणून बनवल्यावर यादी डोळ्यांखालून घाला. शेवटी 'मेक डिस्टटेस्ट'.

हे सगळं दर वेळी हाताने तपासायचं?

नाही. 'टेस्ट::सीपॅन::चेंजेस' मधलं चेंजेस_फाइल_ओके() साचा तपासतं, आणि त्याला व्हर्जन दिलं तर त्या व्हर्जनची नोंद खरोखर आहे का तेही बघतं. ही टेस्ट 'एक्सटी' फोल्डरमध्ये ठेवा. तारखेच्या रूपावरून कोणाचं इन्स्टॉल थांबण्याचं कारण नाही.

डिस्ट::झिलामध्ये 'नेक्स्टरिलीज' प्लगइन आहे. चेंजेसच्या वर दुहेरी महिरपी कंसांत डॉलर-नेक्स्ट लिहून ठेवायचं, रिलीजच्या वेळी तिथे क्रमांक आणि तारीख आपोआप येते. मिनिलाही हीच खूण वापरतं. सोबत 'चेकचेंजेसहॅजकंटेंट' लावलं की रिकाम्या नोंदीची रिलीज निघतच नाही. नोंद समजण्याजोगी आहे का, हे मात्र कोणतंच प्लगइन सांगत नाही.

परवान्यासाठी 'पर्लसारख्याच अटींवर' एवढं पुरे का?

रीडमीत पुरे, त्याचा अर्थ आर्टिस्टिक परवाना किंवा जीपीएल, यांपैकी घेणाऱ्याला हवा तो. पण मेकफाइल.पीएलमध्येही 'पर्ल_५' असं जाहीर करा, म्हणजे मेटा.जेसनमध्ये ते उतरतं. दोन ठिकाणी दोन परवाने असतील तर कंपन्यांचे वकील मॉड्यूल वापरू देत नाहीत.

आमचं मॉड्यूल कंपनीबाहेर जाणारच नाही. तरी हा खटाटोप?

रीडमी अर्ध्या पानाची ठेवा, पण ठेवा. बाहेरच्या मॉड्यूलमध्ये नसलेल्या तीन गोष्टी त्यात लागतात: हे कोणत्या सर्व्हरवर चालतं, कोणत्या वेळी क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीतून) सुटतं, आणि अडलं तर कोणत्या विभागाला विचारायचं. माणसाच्या नावाऐवजी विभागाचं नाव लिहा, कारण माणूस नोकरी बदलतो. टारबॉल बांधायची पद्धत तीच ठेवली तर 'सीपॅनएम' त्या फाइलचा पत्ता देऊनही इन्स्टॉल करतं, वेगळी स्क्रिप्ट लागत नाही.

दहा वर्षांचं मॉड्यूल आहे, चेंजेस कधी लिहिलीच नाही. आता?

सगळा इतिहास खणू नका. सीपॅनवर होतं तर जुने टारबॉल बॅकपॅनवर (सीपॅनच्या जुन्या फाइलींच्या साठ्यावर) मिळतात आणि मेटासीपॅन दोन रिलीजमधला फरक दाखवतं. खासगी असेल तर गिटचे टॅग आहेत. शेवटच्या तीन-चार रिलीजच्या नोंदी त्यावरून लिहा, त्याआधीच्यांची फक्त क्रमांक आणि तारीख एवढीच ओळ ठेवा. तारीख सापडत नसेल तर साच्यात 'अननोन' हा शब्द चालतो. अंदाजाने तारीख घालू नका. पहिली पूर्ण नोंद आज चालू असलेल्या बदलाची लिहा, जुन्या नंतर सवडीने भरता येतात.